परवान्याची पत्रे आणि नागरिकाचे मौन



ब्रिटनमध्ये ज्या घरी दूरचित्रवाणीचा परवाना नाही, तेथे ‘कायदेशीर रहिवासी’ या निनावी पत्त्यावर पत्रे येत राहतात. चौकशी होईल, १००० पौंडांपर्यंत दंड होईल, असा त्यांचा सूर. वस्तुतः तेथे संच बाळगणे हा गुन्हाच नव्हे. (आपल्याकडे एकेकाळी रेडिओचा संच बाळगण्यासाठीच टपाल कचेरीत परवाना काढावा लागे.) कोणत्याही वाहिनीचे चालू प्रक्षेपण, आणि २०१६ पासून बीबीसीचे आयप्लेअर, पाहणाऱ्यालाच तो लागतो. यांपैकी काहीही न पाहणाऱ्यावर उत्तर देण्याचे बंधन नाही. ‘गरज नाही’ असे कळवल्यास पत्रे काही काळ थांबतात. तपासनिसाला वॉरंटाशिवाय घरात शिरता येत नाही. तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे अवश्य कळवा.

सार्वजनिक प्रसारण जनतेच्या पैशावरच चालावे, या मताचा मी आहे. परंतु थोड्या सवलती वगळता गरीब-श्रीमंतांना एकच रक्कम, हा प्रतिगामी करच होय. शिवाय वसुली खासगी कंपनीकडे! २०१९ साली या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. तपासनीस येतो तेव्हा दार बहुधा त्याच उघडतात.