झिजलेली मोजपट्टी
(हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



वाराणसीत पदार्थविज्ञान शिकविण्यात माझे आयुष्य गेले. विष्णु वासुदेव नारळीकर 1932 पासून तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत, त्यामुळे मराठी माणसाला ते परके वाटत नाही. तिथल्या घाटावर बसलो, की दर मिनिटाला सुमारे शंभर म्यूऑन तळहातातून आरपार जातात. उंच वातावरणात पायॉन नावाचे मेसॉन मोडतात, त्यांतून ते निपजतात.

मेसॉन म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची जोडी. दोघे एका बिंदूत भेटले, तरच जोडी नाहीशी होऊन म्यूऑन आणि न्यूट्रिनो, म्हणजे लेप्टॉन, बाहेर पडतात. ही भेट कितपत संभवते, हे सांगणारा आकडा म्हणजे क्षय-स्थिरांक. क्वार्कांना बांधणारे तीव्र बल लेप्टॉनांना जाणवत नाही. म्हणून ते आतली बातमी जशीच्या तशी बाहेर आणतात. पायॉनचे सरासरी आयुष्य सेकंदाचे 26 अब्जांश; त्यावरून त्याचा स्थिरांक सुमारे 130 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघतो. मेख एवढीच, की प्रयोगातून मिळतो तो या स्थिरांकाचा आणि क्वार्कांच्या मिश्रणाच्या दुसऱ्या एका आकड्याचा गुणाकार. तो दुसरा आकडा अन्य मार्गाने ठाऊक असावा लागतो.

नववीत लंबकाचा प्रयोग करताना माझे उत्तर पुस्तकाशी जुळेना. मी वहीत पुस्तकातला आकडा लिहिला. गुरुजी रागावले नाहीत. “पट्टी दाखव,” एवढेच म्हणाले. माझ्या पट्टीचे शून्याकडचे टोक झिजले होते.

2008 च्या सुमारास ती पट्टी मला फार आठवली. चार्म आणि स्ट्रेंज क्वार्कांच्या ‘डी-एस’ मेसॉनचा स्थिरांक कॉर्नेल विद्यापीठातील क्लिओ प्रयोगात 270 च्या वर आला. अवकाश-काळाची जाळी कल्पून संगणकावर केलेले सर्वांत काटेकोर गणित 241 सांगत होते. निसर्गाचा नवा नियम हाती लागला, असेही काहींनी मांडले. मलाही तसे व्हावेसे वाटत होते, हे कबूल करतो! पण कोणी आपला आकडा दुसऱ्याशी जुळवून लिहिला नाही. अधिक क्षय मोजले गेले, तसा प्रयोगाचा आकडा उतरला; आणि गणित करणाऱ्यांनी जाळीच्या घराचे माप नव्याने ठरविले, तेव्हा 2010 मध्ये त्यांचा आकडा 248 वर चढला. तिथेही पट्टीच किंचित चुकली होती. आज दोन्ही आकडे 250 च्या जवळ जुळतात, आणि बीजिंगच्या बेस-थ्री प्रयोगात मोजणी चालूच आहे.