अंगण : घरची कार्यशाळा



ग्रामीण घराची मोजदाद करताना भिंती, छप्पर आणि खोल्या यांचीच नोंद होते. कोकणातील घराचा अर्धा संसार मात्र ओटी, पडवी, अंगण आणि परस यांत चालत आलेला आहे. आज जो प्रदेश नवी मुंबई म्हणून ओळखला जातो, तेथील आगरी आणि कोळी कुटुंबांची घरे याला अपवाद नव्हती. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर त्यांचा चरितार्थ चाले आणि त्यासाठी लागणाऱ्या कित्येक वस्तू घरच्या माणसांच्या हातून घडत.

पावसाळ्यापूर्वी बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पाने बसवून इरली तयार होत. भात साठविण्याची कणगी शेणमातीने लिंपली जाई. पडवीत बसून वडीलधारी मंडळी फाटलेली जाळी सांधीत. जाळ्याचा आस सारखा हवा, पागाच्या कडेला शिशाच्या गोळ्या समतोल बसावयास हव्यात, नाहीतर तो पाण्यावर नीट पसरत नाही, हे मुलांना फळ्यावर कोणी शिकविले नाही. शेजारी बसून, चुकून आणि पुन्हा विणून ती शिकली.

खारजमिनीच्या बांधातील उघाडी हे याचे उत्तम उदाहरण होय. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने उघाडीचे झाकण मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की शेतातील साचलेल्या पाण्याच्या रेट्याने तेच झाकण उघडते. पाण्याच्या दाबाचा हा धडा खाडीकाठच्या शेतकऱ्याला नित्याच्या व्यवहारातून अवगत होता.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या नगरासाठी संपादनाखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातील आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. पुढे संपादित जमिनीच्या प्रमाणात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. जमिनीचे मोल निदान मोजता तरी आले. सातबाराच्या उताऱ्यावर पिकाची नोंद असते. पीक काढणाऱ्या हाताच्या कसबाची नसते. शेत गेले, गावठाणात घरे उंच झाली, अंगणे आक्रसली आणि त्यांबरोबर शिकण्याची जागाही संकोचली. ज्यांना जाळे विणता येते, त्यांच्या नातवंडांना ते येईलच याची शाश्वती राहिली नाही.

हे कौशल्य केवळ विरंगुळ्याचे नाही. हातांनी काम करताना बुद्धी घडते, हा विचार महात्मा गांधींनी १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करून त्याला आधुनिक रूप दिले. तेथे विद्यार्थी शेती व पशुपालन, बांधकाम व जोडकाम, ऊर्जा व पर्यावरण आणि गृह व आरोग्य ही क्षेत्रे प्रत्यक्ष कामातून शिकतात. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा हेच त्यांचे पाठ्यपुस्तक ठरते. पनवेल तालुक्यातील तारा येथे युसूफ मेहेरअली सेंटरनेही ग्रामोद्योगांची परंपरा जोपासली आहे.

या अनुभवांतून शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना बरेच घेता येईल. शाळेने आठवड्यातून एक तास गावातील जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करावा आणि त्याला योग्य मानधन मिळेल हे पाहावे. आरंभ मोठ्या यंत्रांनी नव्हे, तर मोडके बाक, गळका नळ, परसबागेचा वाफा यांपासून करावा. गावठाणाचा आराखडा करताना एखादे सामाईक अंगण राखून ठेवावे. तेथे जाळे पसरता येईल, बांबू तासता येईल, पापड वाळविता येतील. कौशल्य जाणणारी पिढी गावात आहे, तोवर हे काम अल्प खर्चात होण्यासारखे आहे. ती मंडळी गेल्यानंतर तेच ज्ञान कितीही निधी खर्चून पुन्हा उभे करणे कठीण होईल. म्हणून यंदाच्या शालेय वर्षातच त्याचा प्रारंभ व्हावा.