शर्यतीचा बैल घडवताना

आमच्या यवत-शिरूरकडची तरुण मुलं विचारतात, बैलगाडा शर्यतीत उतरायचं तर सुरुवात कुठून करायची? मी सांगतो, आधी खिल्लार वासराला लळा लावा. या गाड्याचं इंजिन म्हणजे बैलाची छाती आणि पाय. ते पोहण्यानं, नांगरटीतून चालवण्यानं तयार होतं, मारानं नव्हे. सराव बेताचा, विश्रांती भरपूर. शर्यतीच्या दिवशी आधी पशुवैद्याचा दाखला, मगच घाट.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. साडेसात वर्षांची ती साडेसातीच होती! म्हणून काठी, चाबूक, टोचणी घरीच ठेवा. एकाच्या टोचणीपायी सगळ्यांचे घाट पुन्हा ओस पडायला नकोत.