घड्याळ कोणाचे, वेळ कोणाची?

कारखान्याच्या दारात कामगार ‘कार्ड पंच’ करतो, त्याला इंग्रजीत ‘क्लॉक इन’ म्हणतात. पण हजेरीची नोंद आणि मजुरीचा आरंभ एकाच क्षणी होतो काय? अमेरिकेत या प्रश्नावरून मोठा तंटा माजला.

न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथील जवाहिऱ्या विलार्ड बंडी याने १८८८ साली हजेरीचे घड्याळ बनविले. प्रत्येक कामगाराला क्रमांकाची किल्ली असे. ती फिरविली की कागदावर क्रमांक आणि वेळ उमटे. या धंद्यातल्या कंपन्या १९११ च्या विलीनीकरणात एकत्र आल्या आणि त्यातूनच पुढे आयबीएम उभी राहिली. यंत्र मुकादमासारखा पक्षपात करीत नाही, हे खरे. मात्र उमटलेल्या मिनिटांपैकी कोणती मोजायची, हे यंत्राचा मालकच ठरवितो.

मिशिगनमधील माउंट क्लेमेन्स पॉटरी या चिनीमातीच्या कारखान्यात कामगाराची वेळ पंच केल्यानंतरच्या पुढच्या पाव तासापासून मोजली जाई आणि सुटताना मागच्या पाव तासाला थांबे. जेवणाच्या सुटीतही तेच. असे दिवसाकाठी ५६ मिनिटांपर्यंत नोंदलेले पण न मोजलेले राहू शके. त्या वेळात कामगार आपल्या जागेपर्यंत चालत जात, अंगावर कामाचे कपडे चढवीत, हातांना चिकटपट्टी किंवा ग्रीस लावीत, यंत्रांची बटणे दाबीत. ही काय हौस होती? १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या आवारातील हे सक्तीचे चालणे आणि ही तयारी म्हणजे कामच होय, असा निर्णय दिला. अगदी क्षुल्लक वेळ तेवढा वगळला.

मग देशभर अब्जावधी डॉलरचे दावे दाखल झाले. मालकवर्ग हादरला आणि काँग्रेसने १९४७ साली कायदा करून कामापूर्वीचे चालणे व प्राथमिक तयारी मजुरीतून वगळली. करार किंवा रूढी असेल तेथेच अपवाद. अर्थात, जेथे संघटना बळकट तेथेच ती मिनिटे पदरात पडणार!

याच कायद्याच्या आधारे २०१४ साली एक निकाल लागला. नेवाडातील ॲमेझॉनच्या गोदामांत कंत्राटदारामार्फत राबणाऱ्या कामगारांना काम संपल्यावर झडतीसाठी रांगेत उभे राहावे लागे. सुमारे २५ मिनिटे जातात, अशी त्यांची तक्रार होती. या वेळेची मजुरी देय नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले. झडती न देता घरी जाण्याची मुभा मात्र त्यांपैकी कोणालाही नव्हती.