जर्मनीला जायचंय, पण कोणत्या व्हिसावर?

पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या क्लासचे फलक जागोजागी दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला. तेव्हापासून इंजिनिअरांच्या जोडीला परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर, चालक अशी मंडळीही चौकशी करू लागली. करार झाला म्हणजे व्हिसा मिळाल्यातच जमा, असा समज मात्र मनातून काढून टाका. व्हिसा ज्याचा त्याला, ज्याच्या त्याच्या कागदपत्रांवर मिळतो. आणि तो कोणत्या प्रकारचा मागायचा, यावर पुढची पाच-सात वर्षं अवलंबून असतात.

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "लवकर कोणता मिळेल?" मी म्हणेन, आधी हे विचारा : ज्या कारणासाठी मला हा व्हिसा मिळतोय, ते कारणच उद्या उरलं नाही तर तिथं राहण्याचा माझा हक्क किती टिकेल? जर्मनीत राहण्याचा परवाना हेतूला बांधलेला असतो. शिक्षणाचा शिक्षणाला, नोकरीचा नोकरीला. "नव्वद दिवसांच्या शेंगेन व्हिसावर जा, तिथं काम शोधा, मग बदलून घेऊ," असं सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच उठा. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी सहसा भारतात परतूनच अर्ज करावा लागतो.

शिक्षणाचा व्हिसा आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. २०२३-२४ मध्ये जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. आपल्या गुणपत्रिका खऱ्या असल्याचं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून आवश्यक झालं आहे. शिवाय वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच ठेवावे लागतात. ते पैसे आपलेच, पण हाती येतात दरमहा ९९२ युरोच. पार्टटाइम कामातून कर्ज फेडू, या हिशेबावर घर गहाण ठेवणाऱ्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे : असं करू नका. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करता येतं, आणि भाषा येत नसेल तर तेही मिळवणं कठीण जातं.

या व्हिसाची खरी ताकद पदवीनंतर कळते. नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, आणि हातात तिथलीच पदवी असते. पण काही खाजगी संस्थांचे अभ्यासक्रम बरेचसे ऑनलाइन चालतात. वर्गात हजर राहण्याची गरज नसेल तर जर्मनीत राहण्याची गरज काय, असं तिथला अधिकारी विचारतो आणि परवाना अडतो. प्रवेशपत्रात वर्ग प्रत्यक्ष भरतात असं लिहिलंय का, हे फी भरण्याआधी वाचा.

हातात पदवी आणि नोकरीचं पत्र असेल तर ब्लू कार्डसारखा दुसरा व्हिसा नाही. २०२५ साठी त्याची वार्षिक पगाराची अट ४८,३०० युरो होती. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांत ती त्याहून कमी. पतीला किंवा पत्नीला आधी जर्मन शिकून यावं लागत नाही आणि लगेच नोकरीही करता येते. कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो, आणि जर्मन बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनीच. आयटीमधली आपली मुलं इंग्रजीवर निभावतात आणि भाषेची ही सवलत हातची घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. नोकरी गेली तर दुसरी शोधायची मुदत मोजकी असते, आणि त्या दिवसांत जर्मन येणाऱ्यालाच जास्त ठिकाणी अर्ज करता येतात.

मग जून २०२४ पासून आलेलं चान्सेनकार्टे, म्हणजे संधी-कार्ड. हातात नोकरी नसताना जाऊन वर्षभर ती शोधायची मुभा. सहा गुण लागतात. पस्तीसच्या आतल्या वयाला दोन, अनुभवाला दोन किंवा तीन, भाषेचे वेगळे. एजंट हेच कार्ड सर्वांत जोरात विकतात. माझं मत स्पष्ट आहे : जर्मन न येणाऱ्यानं यात पडू नये. आठवड्याला वीसच तास कामाची परवानगी, २०२५ च्या हिशेबानं दरमहा १,०९१ युरोंची तजवीज आपणच दाखवायची, आणि वर्षात योग्य नोकरी लागली नाही तर बहुतेकांना परतावं लागतं. उलट पाच वर्षांचा अनुभव आणि बी-१ जर्मन असलेल्या तंत्रज्ञाला ही खरोखर चांगली संधी आहे.

आता ज्याबद्दल आपल्या घरांत सर्वांत कमी बोललं जातं ते : आउसबिल्डुंग. दोन ते साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण. काही दिवस व्यवसाय-शाळेत, उरलेले कारखान्यात, रुग्णालयात किंवा हॉटेलात, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. २०२५ मध्ये सुरू होणाऱ्या बहुतेक प्रशिक्षणांत पहिल्या वर्षाची कायदेशीर किमान रक्कम दरमहा ६८२ युरो होती. अनेक ठिकाणी त्याहून बरीच जास्त मिळते. खर्चाला ती कमी पडत असेल तर उरलेल्या पैशांची सोय दाखवावी लागते. जर्मन बी-१ पर्यंत लागतंच, त्यात सुटका नाही. पण बारावी झालेल्या, हातात कसब असलेल्या मुलाला लाखोंच्या कर्जाशिवाय तिथं उभं राहता येतं आणि शेवटी तिथलंच मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळतं. "परदेशात जाऊन हातकाम करायचं का?" म्हणून ही वाट नाकारणाऱ्या पालकांनी जर्मनीत कुशल कारागिराला काय मान आहे, हे तिथं राहणाऱ्या कुणाला तरी विचारावं. इथं आधीच परिचारिका झालेल्यांची वाट वेगळी आहे. त्यांनी आपल्या पदविकेला मान्यता मिळवायची, कमी पडेल तेवढं पूरक प्रशिक्षण घ्यायचं किंवा परीक्षा द्यायची.

गुंतवणूकदारांसाठी थोडक्यात. जर्मनीत फ्लॅट घेतल्यानं वास्तव्याचा हक्क मिळत नाही. व्यवसायासाठी वेगळा परवाना आहे, त्यात ठरावीक किमान रक्कम नाही. त्या भागाला तुमच्या व्यवसायाची गरज आहे का आणि भांडवल पक्कं आहे का, हे पाहिलं जातं. पंचेचाळीसच्या पुढच्यांना म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते.

शेवटी अर्जाबद्दल. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं शुल्क ७५ युरो आहे, म्हणून लाखांचा आकडा सांगणाऱ्याला प्रत्येक रुपयाचा हिशेब लेखी मागा. पूर्वी व्हिसा नाकारला गेला तर त्याच कार्यालयाकडे फेरविचाराची विनंती करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एकतर नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा. म्हणून फाइल देण्याआधी पारपत्रावरचं, पदवीवरचं आणि बँकेतलं नाव अक्षरशः जुळवून घ्या, आणि अर्जासोबतचं हेतुपत्र दुसऱ्याकडून लिहून न घेता स्वतः लिहा. मुलाखत झाली तर त्या पत्रातल्या प्रत्येक वाक्याबद्दल तुम्हालाच विचारलं जाणार आहे.