साखळीतला एक सामना



आज मी तुमच्याशी कबड्डीच्या एका सामन्याबद्दल बोलणार आहे. हा अंतिम सामना नव्हता, उपांत्य सामनाही नव्हता. 4 डिसेंबर 2023 च्या रात्री अहमदाबादला प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटण आणि जयपूर पिंक पँथर्स समोरासमोर आले. हंगाम सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या हट्टा गावच्या शिवारात तेव्हा कापसाची वेचणी चालू होती आणि हळद अजून जमिनीतच होती. अशा वेळच्या सामन्याकडे कोण लक्ष देतो? माझं म्हणणं असं आहे की ज्याला एखाद्या संघाशी खरं नातं जोडायचं आहे, त्यानं नेमका हाच सामना बघितला पाहिजे.

त्या रात्रीला मागचा एक संदर्भ होता. 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत नवव्या हंगामाचा अंतिम सामना झाला, तो याच दोन संघांमध्ये. पलटण 29-33 अशी हरली. अवघ्या चार गुणांनी. आणि त्या दिवशी पलटणचे दोन बिनीचे खेळाडू, अस्लम इनामदार आणि मोहित गोयत, दुखापतीमुळे मैदानाबाहेर होते. संघ झुंजतो आहे आणि आपण बाकावर बसून बघायचं, यासारखं दुःख खेळाडूला दुसरं नसेल. अस्लम हा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा, खेड्यातला मुलगा. पुढच्या हंगामात त्याच्याकडे कर्णधारपद आलं आणि पहिल्याच सामन्यात समोर उभं कोण, तर गतविजेता जयपूर.

जयपूर आधी आघाडीवर होता. पलटणनं घाई केली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कबड्डीत माणूस घाईनं मरतो. चढाईला तीस सेकंद असतात, आणि पिछाडीवरचा संघ त्या तीस सेकंदांत सगळं एकदम मिळवायला बघतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची असते. तीत गुण आणला नाही, तर चढाईपटू बाद. शहाणा संघ मुद्दाम दोन चढाया रिकाम्या जाऊ देतो आणि तिसऱ्या वेळी ठरवून माणूस पाठवतो. समोरचा बचावही त्याच क्षणाची वाट बघत असतो. कोपरारक्षक घोट्यावर नजर ठेवून, मध्यरक्षक धडक मारायला टपलेला. वरवर पाहणाऱ्याला त्या दोन रिकाम्या चढाया कंटाळवाण्या वाटतात. खरा डाव तिथेच मांडला जात असतो.

उत्तरार्धात पलटणनं सामना फिरवला आणि 37-33 असा जिंकला. अस्लमच्या नावावर दहा गुण लागले. फरक पुन्हा चार गुणांचाच, फक्त या वेळी पारडं इकडे झुकलं होतं.

या विजयासाठी चषक मिळत नाही. गुणतक्त्यात तेव्हा पाच गुण पडत, एवढंच. पण त्या पाच-पाच गुणांचं मोल समजून घ्यायला हवं. त्या हंगामात बारा संघ होते. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे एका संघाचे बावीस सामने. तेव्हाच्या नियमानं जिंकलात तर पाच गुण, बरोबरीला तीन, आणि हरलात पण सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं हरलात, तर एक गुण. पलटणनं बावीसपैकी सतरा सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, दोन हरले. आता हिशेब करा. सतरा पंचे पंच्याऐंशी, तीन त्रिक नऊ, झाले चौऱ्याण्णव. तक्त्यात मात्र पलटणच्या नावापुढे 96 गुण आहेत. वरचे दोन कुठून आले? ते दोन पराभवांतून आले. दोन्ही वेळा संघ हरला, पण सातच्या आत राहून हरला.

मला त्या दोन गुणांचा अभिमान सतरा विजयांइतकाच वाटतो. सामना हातचा गेलेला आहे, शेवटची दोन मिनिटं उरली आहेत, प्रेक्षक उठायला लागलेत, अशा वेळी एखादा चढाईपटू जीव खाऊन बोनस गुण घेऊन येतो, किंवा मैदानात तीनच गडी उरलेले असताना बचाव अव्वल पकड करून दोन गुण मिळवतो, तेव्हा हरलेल्या सामन्यातूनही त्या हंगामात एक गुण घरी येई. टीव्ही बंद करून झोपलेल्या माणसाला तो कधी दिसत नसे. जयपूर त्या वेळी 92 गुणांवर दुसरा राहिला. त्या हंगामात पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरी मिळाली, त्यांच्या पुढच्या चौघांना आधी बाद फेरीतून जावं लागलं. असे सुटे गुण शेवटी तिथे कामाला आले.

आपल्याकडे हळदीचंही या साखळी सामन्यांसारखंच आहे. जूनमध्ये बेणं लावल्यापासून नऊ महिने कोणी विचारत नाही, आणि वसमतच्या बाजारात ढीग पडला की सगळे भाव विचारायला येतात.

रोजच्या साखळी सामन्यांवर जीव लावणारे लोकही आहेत. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये एकेक संघ साखळीतच 162 सामने खेळतो. वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ रोज एक सामना. तिथल्या लोकांनी हा रोजचा खेळ मनात जपला तो रेडिओच्या आधारानं. 5 ऑगस्ट 1921 रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन या निवेदकानं पहिल्यांदा बेसबॉलच्या सामन्याचं धावतं वर्णन केलं. तोही साखळीतला साधा सामना होता, पिट्सबर्ग विरुद्ध फिलाडेल्फिया. पुढे काम करता करता, गाडी चालवता चालवता सामना ऐकायचा, हरला तरी उद्या पुन्हा रेडिओ लावायचा, ही त्या देशातल्या घराघरांतली रीत झाली. मला त्या निष्ठेचा हेवा वाटतो. आपण मराठी माणसं खेळावर जीव टाकतो, पण बहुतेकदा शेवटच्या दिवशी.

आणि कबड्डी तर आपल्या मातीतली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगासमोर करून दाखवला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी उभं आयुष्य या खेळाच्या संघटनेसाठी वेचलं. 15 जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. माती जाऊन मॅट आली, दिवे आले, लिलाव आला. दहाव्या हंगामासाठी पलटणनं इराणचा बचावपटू मोहम्मदरझा शादलुई याला 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतलं. त्या पैशाबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात आनंद वाटतो. टाकळीभानचा अस्लम, नाशिकचा आकाश शिंदे, मुंबईचा पंकज मोहिते आणि इराणचा शादलुई एकाच साखळीत हात धरून उभे राहतात, हे दृश्य पूर्वी आपल्याला कुठे दिसलं असतं? अस्लम आणि आकाश त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होते.

1 मार्च 2024 ला हैदराबादला अंतिम सामना झाला. एव्हाना आमच्याकडे हळद काढून शिजवायला सुरुवात झालेली असते. समोर हरियाणा स्टीलर्स होता. पहिल्या डावाच्या अखेरीला पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले आणि मग पलटणनं ती आघाडी सोडली नाही. 28-25. पहिलं विजेतेपद. अस्लम हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, शादलुई सर्वोत्तम बचावपटू. त्या रात्री सगळे पलटणचे झाले.

पुढच्या हंगामात चित्र बदललं. अस्लमला पुन्हा दुखापत झाली, संघ बाद फेरीपर्यंतसुद्धा पोहोचला नाही, आणि डिसेंबर 2024 मध्ये अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीला झाला तो हरियाणा आणि पाटणा यांच्यात. आपल्याच अंगणात दुसऱ्यांचा सोहळा. तेव्हा आदल्या वर्षीचे अनेक चाहते गायब होते. त्या पडत्या हंगामातले सामने ज्यांनी शेवटपर्यंत बघितले, त्यांनाच मी पलटणचे म्हणेन. 2025 मध्ये संघ पुन्हा उभा राहिला, अंतिम फेरीत गेला आणि दबंग दिल्लीकडून 28-31 असा तीन गुणांनी हरला.

श्रोतेहो, आपल्या गावोगावच्या यात्रांमध्ये, शिवजयंतीला कबड्डीचे सामने लागतात. बक्षीस वाटपाच्या वेळी मंडपात उभं राहायला जागा नसते, आणि पहिल्या फेरीची पोरं दुपारच्या उन्हात पाच-दहा माणसांसमोर खेळत असतात. उद्याचा एखादा अस्लम असलाच, तर तो त्या दुपारच्या सामन्यात खेळत असणार. तेव्हा या वर्षी गावात सामने लागले, की पहिल्या फेरीपासून मैदानावर या, हरणाऱ्या संघाचा सामनाही शेवटच्या शिट्टीपर्यंत बघा, आणि येताना घरातल्या मुलामुलींना सोबत आणा.