रोलर, हात आणि अंतर



रायपूरच्या उरला व सिलतरा औद्योगिक क्षेत्रांत पोलादाच्या अनेक रोलिंग मिल आहेत. भट्टीत तापलेले लालभडक बिलेट परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन रोलरांमध्ये दिले जाते. तत्त्व उसाच्या चरकाचेच! पकडीत आलेली वस्तू रोलर स्वतःच आत ओढतात. मग ते बिलेट असो वा कामगाराचा हातमोजा.

अशा ठिकाणी ‘सावध राहा’ ही सूचना अपुरी का ठरते? रोलरचा पृष्ठवेग सेकंदाला २ मीटर धरला, तर माणूस भानावर येईपर्यंतच्या पाव सेकंदात माल ५० सेंटिमीटर आत गेलेला असतो. म्हणून सुरक्षितता अंतरातच शोधावी लागते. लांब दांड्याचा चिमटा, बोट शिरू न देणारे कुंपण, हाताशी यंत्र थांबविण्याची कळ आणि अडकलेला माल काढण्यापूर्वी वीजपुरवठा तोडून कुलूप लावण्याची शिस्त, हे त्याचे उपाय होत.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने धोकादायक यंत्रभागांना कुंपणाची सक्ती केली. व्यावसायिक सुरक्षिततेविषयीच्या २०२० च्या संहितेनेही कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर सोपविले आहे. तेव्हा अपघातानंतर कामगाराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविण्यापूर्वी, कुंपण जागेवर होते काय, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.